कानबाईच्या चौसष्ट वह्या

तुमची आई ‘हो’ म्हणायच्या आधी किती वेळ थांबायची, सांगता येईल का तुम्हाला?

आवाज आठवत असेल. हातची चापट आठवत असेल, शिव्या तर नक्कीच. पण कुणी काही विचारलं की तोंड उघडण्याआधी ती गप्प राहायची, ते किती वेळ? मला सांगता आलं नव्हतं. आणि मी काही गरीब गाय नव्हे. लॉन्ड्रीच्या फाटकासमोर स्टुलावर उभी राहून चारशे बायकांच्या वतीनं तीस वर्षं बोलत आले. मॅनेजर खोटं बोलायच्या आधी कितीदा चष्मा पुसतो हे मला पाठ होतं. आईचं काही माहीत नव्हतं. ते माहीत होतं अशा एका बाईला, जिनं माझ्या आईला उभ्या जन्मात पाहिलं नाही.

ही त्या बाईची गोष्ट. ती ज्या संशोधन संस्थेत नोकरीला होती तिथे तिला सगळे कानबाई म्हणत. नाव शिपायानं ठेवलं, चेष्टेत. पण चेष्टा चिकटली. पुढे संचालकही तेच म्हणायला लागले आणि हजेरीपटाशिवाय तिचं खरं नाव कुठेच उरलं नाही.

ती बाविसाव्या वर्षी तिथे लागली, टंकलेखनाच्या आणि लघुलेखनाच्या परीक्षा पास होऊन. संस्था म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या पाच खोल्या, त्यातली एक तिची. खिडकी जिन्याकडे उघडणारी, म्हणजे न उघडणारी. समाजाचा अभ्यास तेव्हा फॉर्मवर चालायचा. मुलाखतकार पुठ्ठ्याला फॉर्म लावून घरोघर जायचे, प्रश्न वाचायचे, चौकोनात खूण करायचे. हो, नाही, सांगता येत नाही. माणसाचं काय ते तीन चौकोनांत उरकायचं. फॉर्मांचे गठ्ठे वर आले की कुणी आकडे मोजायचं, कुणी टक्केवारी काढायचं आणि कानबाई तक्ते टाइप करायची.

पण मुलाखतकारही माणसंच. चौकोनात न बसणारं काहीतरी त्यांच्या हाताला लागायचं आणि ते फॉर्मच्या समासात पेन्सिलीनं खरडायचे. ‘नवरा समोर बसला होता.’ ‘हो म्हणाली आणि उठून आत गेली.’ ‘हा प्रश्न विचारल्यावर हसली, का ते कळलं नाही.’ कानबाई जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खायची आणि दुसऱ्या हातानं फॉर्म उलटून समास वाचायची. एकदा तिनं संचालकांना विचारलं, हे टाइप करायचं का? संचालक म्हणाले, “समासाला टक्केवारी नसते.”

त्या टक्केवारीनं आम्हाला काय दिलं ते सांगते. मी एकवीस वर्षांची असताना हे लोक लॉन्ड्रीमागच्या आमच्या वस्तीत आले. आमच्या बायका तिथे हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायच्या, वाफेत उभ्या राहून इस्त्री करायच्या, घड्या घालायच्या. माझी आई घडीखात्यात होती. एक प्रश्न होता: कामावर समाधानी आहात का? अहवाल छापून आला, ब्याऐंशी टक्के समाधानी. मॅनेजरनं ते पान काचेत बसवून ऑफिसात टांगलं. आम्ही पंखे मागायला गेलो की तो बोटानं पान दाखवायचा. मी वस्तीत जाहीर करून टाकलं, यापुढे कुणी पुठ्ठा घेऊन शिरला तर त्याच्या पेनातली शाई त्यालाच पाजायची. आईला विचारलं, तू कुठल्या चौकोनात होतीस? ती म्हणाली, आठवत नाही. मी विचारलं आणि लगेच दुसऱ्या घरी निघून गेले, बैठक होती.

तीन वर्षांनी संस्थेत एक नवी संशोधक आली. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला शबनम आणि चपला नेहमी झिजलेल्या. तिला आपण चष्मेवाल्या बाई म्हणू. तिनं आमचे जुने फॉर्म माळ्यावरून काढले आणि आकड्यांकडे न बघता समास वाचत बसली. अख्ख्या इमारतीत समास वाचणारं दुसरं माणूस कानबाईला पहिल्यांदा भेटलं. चष्मेवाल्या बाई संचालकांना म्हणाल्या म्हणे, तुमचा अभ्यास समासात पडलाय आणि तुम्ही चौकोन मोजताय. संचालक चिडले, पण एक टेपरेकॉर्डर मंजूर झाला. आता थोड्या बायकांशी बोलायचं, पण पोटभर बोलायचं. प्रश्न आपले नाहीत, गोष्ट त्यांची. बाई बालपणापासून सुरू करो नाहीतर सासूपासून, आपण ऐकायचं.

चष्मेवाल्या बाई वस्तीत आल्या तेव्हा मी त्यांना कोपऱ्यावरच अडवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, आम्ही ऐकायला आलोय. मी म्हटलं, ऐकायचं असेल तर माझं ऐका, सगळ्यांच्या वतीनं मीच बोलते. त्यांनी माझ्याकडे भिंगातून बघितलं आणि परत गेल्या. मला वाटलं, जिंकले. नंतर चौसष्ट बायका एकेक करून, माझ्या पाठीमागून, चार गल्ल्या पलीकडच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बोलून आल्या. कुणी दोन दुपारी, कुणी चार. मला पत्ता लागला नाही. पुढारी म्हणवणाऱ्या माणसाच्या नाकाखालून चौसष्ट बायका जातात, यावरून नाकाची लांबी ओळखा.

त्या टेपा कानबाईकडे यायच्या. कानांवर हेडफोन, पायाखाली पट्टी. पट्टी दाबली की टेप पुढे, सोडली की थांबायची, टाच दाबली की मागे. कानबाई आधी वहीत लघुलेखनात उतरवून घ्यायची, दर बाईला एक वही. लघुलेखनात शब्द कसा लिहितात हे नसतं, कसा ऐकू येतो ते असतं. कानबाईनं त्यात स्वतःच्या खुणा घातल्या होत्या. श्वासाला आडवी रेघ, हसण्याला वेलांटी, खोकल्याला ठिपका. बाई थांबली तर किती थांबली, ते मनात मोजून आकडा. एक तास ऐकलेलं उतरवायला तिला दीड दिवस लागायचा. मग वहीवरून टाइप.

आणि टाइप करताना ती घाण करायची. शब्द तिचाच आहे, माझा नव्हे. संचालकांचा हुकूम होता, छापील अहवालात गावंढळ बोलणं जाणार नाही, वाक्यं शुद्ध हवीत. आणि नवल म्हणजे तेव्हा चष्मेवाल्या बाईंनाही ते पटलं होतं. त्यांना भीती, की बायका बोलल्या तसंच छापलं तर वाचणारे त्यांना हसतील. म्हणजे मायेपोटीच. म्हणून ‘काय सांगू, पाय नुसते जळत्यात’ अशा वाक्याचं ‘मला पायांचा त्रास संभवतो’ व्हायचं. आडव्या रेघा गळायच्या, वेलांट्या गळायच्या, आकडे गळायचे. नावं तर आधीच काढायची. बायकांना तसा शब्द दिला होता: नाव कुठे येणार नाही, तुम्ही फक्त नंबर. कुठला नंबर कुणाचा ती यादीही वर्षभरानं जाळायची. टेपा पुसायच्या, वह्या फाडायच्या. यादी संचालकांनी जाळली. टेपा कानबाईनं स्वतःच्या हातानं पुसल्या, एकेक, आधी शेवटपर्यंत ऐकून, मग बटण दाबून.

वह्या तिच्यानं फाडवल्या नाहीत. भाजीच्या पिशवीत तळाला घालून दोन-दोन करत तिनं चौसष्ट वह्या घरी नेल्या. जन्मात केलेली एवढीच चोरी. तीस वर्षं तिनं ती कुणाला सांगितली नाही.

तिला एक ध्यास लागला होता. या बायका बघायच्या. ज्यांचा श्वास तिला ओळखू यायचा त्यांचं एकीचंही तोंड तिनं बघितलं नव्हतं. तिनं चष्मेवाल्या बाईंना विनवलं, एकदा मला बरोबर न्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही आलात तर ऐकणार नाही, बघत बसाल.” आणि नेलं नाही. मग एक दिवस रजा टाकून कानबाई एकटीच लॉन्ड्रीच्या फाटकाशी गेली, पाळी सुटायच्या वेळेला. तिचं डोकं असं, की बायका बोलत बाहेर पडतील, आपण डोळे मिटून उभं राहू, ओळखीचा आवाज आला की उघडू. एकीचा तरी आवाज तिला हवाच होता. एक्केचाळीस नंबरचा. ही बाई प्रत्येक उत्तराआधी जिभेनं एक बारीक ‘च्’ करायची आणि मग थांबायची. कानबाई म्हणते, तो ‘च्’ ऐकला की मला कुणीतरी दार लोटून आत आल्यासारखं वाटायचं.

त्या संध्याकाळी फाटकाशी आमची सभा होती. एक पोरगेलीशी बाई स्टुलावर चढून भोंग्यातून ओरडत होती, तासभर. कानबाईला दुसरा एकही आवाज ऐकू आला नाही. ती बस पकडून घरी गेली.

स्टुलावरची बाई कोण ते तुम्हाला कळलंच असेल.

पुढे जमाना बदलला आणि कानबाई खुर्चीतून न उठता तो बदलताना ऐकत राहिली. एक नवे सर परदेशी शिकून आले. ते म्हणाले, शुद्ध नको, जसंच्या तसं हवं. अडखळणं, खोकणं, गप्प बसणं, सगळं. त्यांनी कानबाईला थांबे मोजायला स्टॉपवॉच आणून दिलं. दहा वर्षं जे घाण म्हणून काढायला लावलं, तेच आता सोनं.  त्या दिवशी कानबाईनं डबा न उघडता परत नेला. मग आल्या गटचर्चा. आठ बायका एका टेबलाभोवती आणि मधे एक रेकॉर्डर. आठही जणी एकदम बोलणार. कानबाई कागदावर गोल काढायची आणि कोण कुठल्या बाजूला बसली असेल ते आवाजावरून ठरवायची. चुकली फार थोड्यांदा. मग रंगीत पेन्सिली आल्या. बोलण्यातल्या एकेका वाक्याला विषयाचा रंग द्यायचा, कात्रीनं पट्ट्या कापायच्या आणि विषयवार पाकिटांत भरायच्या: घर, दुखणं, भीती, पैसा. कानबाई म्हणायची, एका बाईची सात पाकिटं झाली, आता ती कुणाशी बोलणार? मग पाकिटं कॉम्प्युटरात गेली. मग वस्तीतल्याच पोरींच्या हातात रेकॉर्डर द्यायची पद्धत आली, आपल्या लोकांना आपणच विचारा. तेव्हा आमची संघटनाही त्यात होती आणि मी व्यासपीठावरून म्हणाले, आमचं बोलणं आता आमच्या ताब्यात. टाळ्या पडल्या. शेवटी यंत्र आलं, बोललेलं आपोआप लिहिणारं. कानबाईला त्याच्या चुका दुरुस्त करायला ठेवलं. ती म्हणते, यंत्र हुशार आहे, शब्द बरे ओळखतं. पण माणूस गप्प बसलं की त्याला वाटतं काही झालंच नाही.

ती निवृत्त झाली. एक्केचाळीस वर्षं आवाज घालून घालून कानांनीही निवृत्ती घेतली होती. मूलबाळ नाही, नवरा वारलेला. विधवा नणंद आणि ती, दोन खोल्यांत. नणंद तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, वन्सं म्हणते ती तिला. वन्संची जीभ अजून धारेची. म्हणायच्या, “आमच्या वहिनींना मेलेल्यांचे आवाज ऐकू येतात, दाराची घंटा येत नाही.” संस्थेनं जागा बदलली तेव्हा पहिल्या चौसष्ट मुलाखतींच्या टाइप केलेल्या प्रती रद्दीत निघाल्या. कानबाईनं त्या मागून घरी आणल्या. वन्संनी पलंगाखालच्या आपल्या ट्रंका हलवून जागा केली आणि वर ऐकवलं, चौसष्ट सवती आल्या.

माझी आई गेल्या वर्षी गेली. तेराव्या-चौदाव्या दिवशी तिच्या घडीखात्यातली जुनी जोडीदारीण बसायला आली. बोलता बोलता म्हणाली, तुला माहीत नसेल, तुझी आई तीन दुपारी त्या चष्मेवाल्या बाईशी बोलून आली होती. तुला सांगू नका म्हणाली होती. मी हसले.  माझ्या आईकडे तीन दुपारी भरून बोलण्यासारखं काहीतरी होतं. आणि ते तिनं परक्या बाईला सांगितलं, यंत्राला सांगितलं. घरात मी होते ना.

चष्मेवाल्या बाई केव्हाच वारल्या होत्या. संस्थेत चौकशी केली तर म्हातारा शिपाई म्हणाला, कानबाईकडे जा.

मी गेले ती भांडायच्या तयारीनं. दार वन्संनी उघडलं. मी दारातच सुरू झाले: माझ्या आईचं बोलणं तुम्ही लोकांनी नेलं, त्यावर पुस्तकं छापली, पदव्या घेतल्या, आता ते परत द्या. आईचं नाव सांगितलं, खातं सांगितलं. आतून एक बारकी, नीटनेटकी बाई आली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, ऐकू येत नाही, म्हणून मी आणखी ओरडले. ती म्हणाली, येतंय मला. मग म्हणाली, कोण कुठला नंबर ते सांगता येणार नाही. तसा शब्द दिलेला आहे. प्रती वाचायच्या असतील तर बसा.

मी म्हटलं, मला माझी आई ओळखू येणार नाही असं वाटतं का तुम्हाला? तिनं पलंगाखालून प्रतींचा गठ्ठा ओढला.

नऊ दिवस मी त्यांच्याकडे पलंगाशी जमिनीवर बसून प्रती वाचल्या. वन्सं चहा ठेवून जायच्या आणि म्हणायच्या, सापडली का? चौसष्ट बायका आणि सगळ्या एकीसारख्या बोलत होत्या, जणू एकाच मास्तरीणबाईच्या तालमीतल्या. ‘मला कौटुंबिक जबाबदाऱ्या पार पाडाव्या लागतात.’ माझी आई जबाबदारी हा शब्द उच्चारताना जीभ चावायची. दहाव्या दिवशी सत्तावीस नंबर हातात आला. ‘माझी कन्या निर्भय असून अन्यायाविरुद्ध आवाज उठवते. मला तिचा अभिमान वाटतो.’ माझे डोळे भरले. मी प्रत उचलली आणि म्हटलं, ही. कानबाईचा हात अर्धवट पुढे आला, मग मागे गेला.

मी त्याची झेरॉक्स काढली. संघटनेच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवली. ‘निर्भय’ दोनदा वाचलं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आईची जोडीदारीणही होती. जाताना ती नुसतं म्हणाली, तुझी आई एवढं चांगलं बोलायची, आम्हाला माहीतच नव्हतं. माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

आठवडाभरानं वन्संचा फोन. “वहिनी जेवत नाहीये. तुमच्यामुळे. या आणि काय ते निस्तरा.”

गेले. कानबाई खुर्चीत बसली होती, मांडीवर एक पिवळी पडलेली वही. आधी तिनं मला तिची चोरी सांगितली, मी तुम्हाला वर सांगितली ती. वह्यांच्या पहिल्या पानावर बायकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेली नावं आहेत, म्हणून त्या कुणाला दाखवायच्या नाहीत. शब्द मोडून त्या ठेवल्या हे बाहेर गेलं तर चष्मेवाल्या बाईंचं नाव खराब होईल, म्हणून ती गप्प राहिली.

“पण तुम्ही दुसऱ्याच कुणाची आई घेऊन गेलात,” ती म्हणाली. “तुमची आई इथंच राहिली.”

कधी कळलं तुम्हाला, मी विचारलं. ती म्हणाली, तुम्ही दारात उभ्या राहून भांडायला लागलात तेव्हाच. नाव नंतर सांगितलंत. त्याआधी तुम्ही ‘च्’ केलात.

माझ्या तोंडात आईचा आवाज आहे, हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तेही बहिऱ्या होत चाललेल्या बाईकडून.

आई एक्केचाळीस नंबर होती. ती प्रत मी दोनदा वाचून बाजूला टाकली होती. कानबाईनं आधी टाइप केलेलं वाचायला लावलं: ‘होय, मी माझ्या कामावर समाधानी आहे.’ ‘कन्या कामगार चळवळीत व्यग्र असल्याने संवादास वाव मिळत नाही.’ मग तिनं वही उघडली. त्या रेघोट्या मला काय कळणार? जगात त्या वाचता येणारी तीच एक. तिनं पानावर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. आवाज तिचाच, बारका. पण जिथे आई थांबली तिथे ती थांबायची, आकड्याइतकं.

चष्मेवाल्या बाईंनी जुन्या फॉर्मातला तोच एक प्रश्न पुन्हा विचारला होता, मॅनेजरच्या काचेतला. कामावर समाधानी आहात का?

कानबाईनं ‘च्’ केलं. आणि थांबली. मी बघत राहिले. वन्संच्या हातातली वाटी तशीच राहिली. नऊपर्यंत मोजा तुम्हीही, कळेल किती असतं ते.

“हो म्हणा,” कानबाईनं वाचलं. “हो म्हटलं की तुम्ही पुढचं विचारता ना, मग हो.”

ब्याऐंशी टक्क्यांतला एक टक्का असा होता. मी तो चौकोन फाडायला निघाले होते, आत कोण बसलंय ते बघितलं नव्हतं.

मग पुढचं पान. “पोरगी माझी फाटकावर चारशे बायांचं बोलते. चांगलं बोलते, मी मागं उभी राहून ऐकते. घरी आली की माझं पण तीच बोलते.” इथे वेलांटी होती, म्हणजे आई हसली. “मला वाटतं, एकदा तिनं तोंड मिटून माझ्यासमोर उभं राहावं. काही विचारू नये. चादरीची घडी घालायला समोर दुसरं माणूस लागतं की नाही, दोन टोकं धरायला, तेवढ्यापुरतं.” आडवी रेघ. आकडा अकरा. कानबाई अकरापर्यंत थांबली. “लागतंच असं नाही. मी एकटी घालते. पण मग पोटाशी धरून घालावी लागते.”

मी तीस वर्षं तिला चादरी पोटाशी धरून घड्या घालताना बघत होते. मला वाटायचं, तिची ती पद्धत आहे.

मी विचारलं, हे मला वाचून दाखवायची परवानगी होती का तुम्हाला? कानबाई म्हणाली, प्रत्येकीला शेवटी विचारलं जायचं, हे कुणाला द्यावं का. प्रतीत मी टाइप केलं, ‘उत्तरदातीची हरकत नाही.’ तेच लक्षात राहिलं होतं. तुम्ही सत्तावीस नंबर नेल्यावर तीस वर्षांनी वही उघडली, तेव्हा ती बोलली ते सापडलं. तिनं शेवटच्या पानावर बोट ठेवलं.

“पोरीनं विचारलं तर द्या. आपण होऊन नका सांगू. तिला विचारायला वेळ लागेल. लागू द्या.”

एकतीस वर्षं लागली, आई. मी मोठ्यानं म्हटलं की मनात, माहीत नाही.

मी म्हटलं, पुन्हा वाचा. तिनं पुन्हा वाचलं. थांबे तेवढेच. मी डोळे मिटले तर कानबाईचा आवाज विरघळायचा आणि थांब्यांत आई उभी राहायची. शब्दांत नाही हो, थांब्यांत. टेप तिनं पुसली नसती तर, असं आलं तोंडावर, पण गिळलं. तिनंच मला काय काय परत दिलं होतं.

निघताना तिनं मला थांबवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाकडे काही मागत असावी, असं तोंड झालं होतं. तिनं विचारलं, तुमच्याकडे फोटो आहे का त्यांचा?

दुसऱ्या दिवशी मी नेला. लॉन्ड्रीच्या ओळखपत्रावरचा, शिक्का अर्ध्या कपाळावर आलेला. कानबाईनं तो खिडकीशी नेला, भिंग काढलं, मग भिंग ठेवून दिलं. बराच वेळ बघत राहिली. शेवटी म्हणाली, मला वाटायचं उंच असतील. आणि मग ती जी रडली, ती एकतीस वर्षांची उधारी होती. वन्सं म्हणाल्या, बघा, स्वतःच्या सासूला नाही एवढी रडली. आणि स्वतःही नाकाला पदर लावून आत गेल्या.

त्या फाटकाशी ती डोळे मिटून उभी होती तेव्हा आई तिच्यापासून दहा पावलांवर असणार. माझ्या मागे उभी राहून माझं भाषण ऐकत. मी दोन मिनिटं गप्प बसले असते तर दोघी भेटल्या असत्या.

आता मी दर शनिवारी कानबाईकडे जाते. जास्त बोलत नाही, खरंच. धुतलेल्या चादरी वाळल्या की वन्सं आणून टाकतात आणि मी आणि कानबाई दोन टोकं धरतो.

पलंगाखाली अजून त्रेसष्ट वह्या आहेत. कानबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्यात पडदा येतोय. त्या रेघोट्या तिच्याशिवाय कुणाला वाचता येत नाहीत आणि ती शिकवत नाही. शब्द दिलाय, म्हणते. यंत्राला दाखवून पाहू म्हटलं तर माझ्याकडे अशी बघते की मी चहा मागते.

तर तुमच्या घरातली कुणी, आई, मावशी, आत्या, आजी, तीसेक वर्षांपूर्वी चादरी धुण्याच्या कारखान्यात वाफेत उभी असेल आणि एखाद्या दुपारी ‘जरा जाऊन येते’ म्हणून कुठे गेली ते तुम्ही कधी विचारलं नसेल, तर आता विचारायला या. तिनं परवानगी दिलेली असेल तर कानबाई वाचून दाखवेल. दिलेली नसेल तर ती तोंड उघडणार नाही आणि तुम्ही तिच्यावर आवाज चढवू नका, मी चढवून बघितलाय. घंटा दोनदा वाजवा, वन्सं उघडतील. आणि येताना तुमच्या माणसाचा एक फोटो तेवढा घेऊन या.